घरच्या बागेतील फुलवेली

वृक्षाला आपल्या पर्णसंभाराचा भार तोलून धरण्यासाठी आयुष्यभर लाकूड तयार करीत राहावे लागते. वेलीने हा खर्च टाळलेला असतो. दुसऱ्या कशाचा तरी आधार घेऊन ती प्रकाशाकडे चढते आणि जे अन्न खोड जाड करण्यात खर्ची पडले असते ते लांबी वाढविण्यात, पाने पसरण्यात आणि फुले आणण्यात खर्च करते. म्हणूनच घरासमोर हातभर रुंदीची मातीची पट्टी असली, तरी तेवढ्या जागेत वृक्ष लावता येणार नाही. पण एखादी वेल तेथे सुखाने वाढेल आणि दोन-तीन वर्षांत सबंध भिंत वा अंगणावरचा मांडव फुलांनी भरून टाकील. ज्यांच्यापाशी जमीन थोडी आणि हौस पुष्कळ, अशांसाठी वेलीसारखी दुसरी वनस्पती नाही.

तथापि वेल लावणाऱ्यांपैकी अनेकांच्या पदरी निराशा येते. कोणाची वेल चढतच नाही, कोणाची छपरावर जाऊन कौले उचलते, तर कोणाची पानांनी गच्च भरते पण फूल म्हणून येत नाही. वेल कशी चढते आणि तिला फूल कोणत्या फांदीवर येते या दोन गोष्टी समजून घेतल्या, तर यांतील बहुतेक तक्रारी मुळातूनच नाहीशा होतात. प्रस्तुत पुस्तिकेत प्रथम त्यांचा विचार करून मग लागवडीकडे वळू.

वेल ही बांडगूळ नव्हे

आरंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. वेल ज्या झाडावर चढते त्याचा रस ती शोषून घेते, असे पुष्कळांना वाटते. पिवळ्या दोऱ्यांच्या गुंत्यासारखी दिसणारी अमरवेल खरोखरच तसे करते. तिला हिरवी पाने नसतात आणि ती शोषक मुळे आश्रयदात्या झाडात घुसवून आपले अन्न मिळविते. परंतु जाई, मधुमालती, गोकर्ण, कृष्णकमळ इत्यादी बागेतील वेली जमिनीतूनच पाणी व क्षार घेतात आणि सूर्यप्रकाशात स्वतःचे अन्न स्वतः तयार करतात. त्यांना झाडाकडून हवा असतो तो केवळ आधार.

कालिदासाच्या 'अभिज्ञानशाकुंतला'त आश्रमातील नवमालिकेची वेल आंब्याला बिलगलेली आहे आणि शकुंतलेने तिचे नाव 'वनज्योत्स्ना' ठेवले आहे. काव्यात हा विवाह शोभून दिसतो. घरच्या बागेत मात्र थोडे तारतम्य हवे. नाजूक वेल मोठ्या झाडावर सोडण्यास हरकत नाही. पण जोमदार वेल लहान झाडावर चढविली, तर ती त्याचा रस न पिताही केवळ त्याचा प्रकाश अडवून त्याला खुरटे करते. फळझाडांवर अशा वेली चढवू नयेत.

चढण्याच्या रीती

वेलींच्या चढण्याचा पद्धतशीर अभ्यास चार्ल्स डार्विन यांनी केला. आजारपणामुळे खोलीत पडून असताना त्यांनी हॉप नावाच्या वेलीची कुंडी जवळ ठेवली आणि तिचा शेंडा कसा फिरतो याची तासातासाने नोंद केली. उन्हाळ्याच्या दिवसांत या शेंड्याचा एक फेरा सरासरीने 2 तास 8 मिनिटांत पुरा होतो, असे त्यांना आढळले. हे संशोधन प्रथम 1865 मध्ये निबंधरूपाने आणि 1875 मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. त्यात केलेले वेलींचे वर्गीकरण आजही बागकाम करणाऱ्याला उपयोगी पडते.

पहिला वर्ग गुंडाळणाऱ्या वेलींचा. गोकर्ण, गणेशवेल, मॉर्निंग ग्लोरी, थनबर्जिया या वेलींचा कोवळा शेंडा हवेत वर्तुळे काढीत आधार शोधतो. वाटेत काठी आली की तो तिच्याभोवती वेढे घेऊ लागतो. मॉर्निंग ग्लोरी आणि घेवडा वरून पाहिले असता घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. हनीसकल मात्र काट्यांच्या दिशेने फिरते. ही दिशा त्या त्या जातीची ठरलेली असते. आपण वेल उलट गुंडाळली, तर ती सुटून पुन्हा आपल्याच दिशेने वळते. म्हणून अशा वेलीला हाताने वेढे घालण्याच्या भरीस पडू नये. शेंडा काठीला टेकवून द्यावा, पुढचे काम तिचे ती करते.

दुसरा वर्ग प्रतानांनी चढणाऱ्या वेलींचा. प्रताने म्हणजे बोलीत ज्यांना तणावे म्हणतात ते दोऱ्यासारखे अवयव. कृष्णकमळ, संक्रांत वेल, लसण्या वेल आणि आइस्क्रीम वेल यांना ती असतात. कृष्णकमळाच्या एका जातीचे प्रतान काडीने स्पर्श करताच सुमारे अर्ध्या मिनिटात वाकू लागते, असे डार्विन यांनी मोजून पाहिले होते. आधार पकडल्यावर प्रतानाच्या मधल्या भागाला स्प्रिंगसारखी वळणे पडतात. त्यामुळे वेल आधाराजवळ ओढली जाते आणि वाऱ्याच्या झोतात प्रतान तुटण्याऐवजी ताणले जाऊन पुन्हा आखडते. अशा प्रतानाकडे बारकाईने पाहिले, तर त्याची अर्धी वळणे एका दिशेची व उरलेली विरुद्ध दिशेची असून मध्ये एक सरळ दुवा असतो. दोन्ही टोके बांधलेली दोरी मध्ये धरून पिळली, तर एका बाजूस जितका पीळ बसतो तितकाच उलट पीळ दुसऱ्या बाजूस बसतो. प्रतानाची गोष्टही तशीच आहे.

तिसऱ्या वर्गात पानांनी पकडणाऱ्या वेली येतात. कळलावीच्या पानाचे टोकच लांबून आकड्यासारखे वळते आणि आधार धरते. चौथा वर्ग काटे किंवा आकडे यांच्या साह्याने दुसऱ्या झाडाझुडपांवर रेलत जाणाऱ्या वेलींचा. बोगनवेल व चढता गुलाब ही त्याची परिचित उदाहरणे होत. मधुमालतीचे पान गळून गेल्यावर त्याच्या देठाचा खालचा भाग टणक होऊन काट्यासारखा मागे राहतो आणि चढण्याच्या कामी येतो. जाई व जुई याही मुख्यत्वे रेलणाऱ्याच. त्यांच्या लांब, लवचिक फांद्या आधारावर पसरतात. पाचवा वर्ग आगंतुक मुळांनी भिंतीस चिकटणाऱ्या वेलींचा. मनी प्लांट हे त्याचे घरोघरी दिसणारे उदाहरण होय, परंतु फुलवेलींत हा प्रकार थोडा.

आधार कसा असावा

वरील वर्गीकरणावरून आधाराची निवड आपोआप ठरते. गुंडाळणाऱ्या वेलीला उभी काठी, तार किंवा काथ्याची दोरी हवी. जाड खांबाला ती वेढा घालू शकत नाही. अशा खांबाभोवती दोन-तीन उभ्या दोऱ्या ताणून बांधाव्यात. प्रताने असलेल्या वेलींना खांब निरुपयोगी असतो, कारण इवलेसे प्रतान खांबाला कवेत घेणार कसे? त्यांना बारीक तारेची जाळी किंवा बांबूच्या कामट्यांची ताटी द्यावी. रेलणाऱ्या वेलींना स्वतःला धरून ठेवण्याचे पुरेसे साधन नसल्यामुळे त्यांच्या फांद्या सुतळीने सैलसर बांधाव्या लागतात. बांधताना सुतळीचा आकडा इंग्रजी आठासारखा घालावा, म्हणजे खोड जाड होऊ लागल्यावर त्याला काच बसत नाही. तारेने कधीही बांधू नये.

भिंतीवर वेल चढवावयाची असल्यास जाळी भिंतीला अगदी भिडवून ठोकू नये. मध्ये 5 ते 10 सेंटिमीटर अंतर ठेवावे. त्यामुळे हवा खेळती राहते, भिंतीत ओल धरत नाही आणि पुढे रंगरंगोटीच्या वेळी जाळी पुढे ओढून घेता येते. कौलारू छपरापासून वेलीचे शेंडे नेहमी हातभर खालीच ठेवावेत. शेंडा कोवळा असताना कौलांच्या फटीत शिरतो. तेथेच त्याचे खोड जाड झाले की कौल उचलले जाते आणि पहिल्याच पावसात घर गळते. आधार लावतानाच त्याच्या मजबुतीचा विचार करावा. लावतेवेळी तळहाताएवढी असलेली बोगनवेल किंवा मधुमालती पाच वर्षांनी पावसात भिजल्यावर केवढी जड होते, याची कल्पना आधीच केलेली बरी.

पश्चिमेच्या भिंतीला सावली

उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेची भिंत तापते आणि ती उष्णता रात्री घरात उतरते. नागपूर, अहमदाबाद किंवा दिल्ली येथील रहिवाशांना याचा अनुभव सांगावयास नको. या भिंतीपुढे वेलीचा पडदा उभा केला, तर ऊन भिंतीवर पडण्याऐवजी पानांवर पडते. पाने तापून निघत नाहीत, कारण त्यांतून सतत बाष्पोच्छ्वास चालू असतो आणि पाण्याची वाफ होताना उष्णता खर्च होते. जाळी भिंतीपासून दूर असल्यास मधल्या पोकळीतून हवाही वाहते. पक्के छप्पर असलेल्या लहान घरात, विशेषतः वृद्ध माणसे व तान्ही मुले असतील तेथे, ही सावली केवळ शोभेची वस्तू राहत नाही.

लागवड

बहुतेक फुलवेलींना दिवसातून निदान पाच-सहा तास ऊन हवे असते. सावलीत वेल जगते, लांबतेही, पण फुलत नाही. जागा ठरल्यावर भिंतीच्या पायापासून 30 ते 45 सेंटिमीटर अंतरावर, लांबी, रुंदी व खोली प्रत्येकी 60 सेंटिमीटर असा खड्डा घ्यावा. तो उन्हाळ्यात खणून काही दिवस तापू द्यावा. नव्या घराच्या भिंतीलगतच्या मातीत विटांचे तुकडे, चुना व सिमेंट मिसळलेले असते. ती माती काढून टाकावी. दोन भाग चांगली माती आणि एक भाग कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट यांच्या मिश्रणाने खड्डा भरावा. त्यात दोन-चार मुठी निंबोळी पेंड मिसळल्यास वाळवीचा उपद्रव कमी होतो.

पावसाळ्याचा आरंभ हा देशाच्या बहुतेक भागांत लागवडीचा उत्तम काळ होय. उत्तर भारतात थंडी ओसरल्यावर फेब्रुवारी-मार्चमध्येही लागवड करता येते. रोप लावताना ते आधाराकडे किंचित कलते ठेवावे. पहिले वर्षभर पाणी नियमित द्यावे, बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे आणि बाजूचे फुटवे काढून एक-दोन जोमदार शेंडेच वर जाऊ द्यावेत. मांडवाच्या उंचीवर पोचल्यावर शेंडा खुडला की वेल आडवी पसरू लागते.

रोपे घरीच तयार करता येतात. गोकर्ण, गणेशवेल व मॉर्निंग ग्लोरी बियांपासून येतात. गोकर्णाच्या बीचे कवच कठीण असल्यामुळे ते खरखरीत दगडावर किंचित घासून बी रात्रभर कोमट पाण्यात भिजत घालावे आणि मग एक-दोन सेंटिमीटर खोल पेरावे. बोगनवेल, जाई, जुई, मधुमालती व कृष्णकमळ यांची छाट कलमे करतात. पेन्सिलीच्या जाडीची, 15 ते 20 सेंटिमीटर लांबीची, तीन-चार डोळे असलेली फांदी निवडावी. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली घ्यावा, पाने काढून टाकावीत आणि दोन डोळे ओलसर रेतीत जातील अशा रीतीने ती सावलीत लावावी. जाई-जुईची दाब कलमेही सहज साधतात. जमिनीलगतची फांदी वाकवून, मधोमध साल किंचित खरवडून तो भाग मातीत दाबून ठेवला की काही आठवड्यांत मुळे फुटतात. मग ती मूळ वेलीपासून कापून वेगळी करावी.

काही निवडक वेली

जाई आणि जुई. या दोघींची नावे जोडीने घेतली जातात, त्यामुळे त्यांत गोंधळही होतो. पाने पाहिली की ओळख पटते. जाईचे पान पिसासारखे, अनेक दलांचे असते. जुईच्या पानाला टोकाशी एक मोठे दल आणि त्याखाली कानाच्या पाळीसारखी दोन चिमुकली दले असतात. कधी ती नसतातही. तिच्या 'ऑरिक्युलेटम' या शास्त्रीय नावाचा अर्थही 'कान असलेली' असाच आहे. दोघींच्याही कळ्या संध्याकाळनंतर उमलतात. त्यांचा पांढरा रंग व रात्रीचा दरवळ निशाचर पतंगांना बोलावण्यासाठी असतो. दक्षिणेत या फुलांची मोठी शेती होते आणि कोइमतूर येथील तमिळनाडू कृषी विद्यापीठाने दोघींचे सुधारित वाण तयार केले आहेत. तेथील रीतीप्रमाणे जाईची छाटणी डिसेंबरच्या व जुईची जानेवारीच्या अखेरीस करतात.

मधुमालती. हिचे फूल संध्याकाळी उमलते तेव्हा पांढरे असते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते आणि त्यानंतर लाल. एकाच झुबक्यात तिन्ही रंग दिसतात ते यामुळे. पांढरे, सुगंधी फूल रात्री लांब सोंडेच्या पतंगांना आकर्षित करते. रंगीत फुलांकडे दिवसा मधमाश्या व शिंजीर पक्षी येतात. सतराव्या शतकात रुम्फियस या निसर्गशास्त्रज्ञाने या वेलीला 'क्विस्क्वालिस' असे नाव दिले. त्याचा अर्थ 'कोण? कसली?' असा होतो. कोवळेपणी झुडूप आणि मोठेपणी वेल असे तिचे वर्तन पाहता हे नाव तिला शोभते. आजचे शास्त्रीय नाव 'कॉम्ब्रेटम इंडिकम' असे आहे. संस्कृत साहित्यातील माधवी मात्र वेगळी वेल आहे. तिला मराठीत हलदवेल म्हणतात आणि काही ग्रंथांत मधुमालतीही म्हटलेले आढळते. तिच्या फळाला तीन पंख असतात व ते गरगर फिरत खाली येते. रोप विकत घेताना नावावर न जाता फूल पाहून घ्यावे, ते याचसाठी.

बोगनवेल. 1767 मध्ये ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथे फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ फिलिबेर कॉमर्सो यांना ही वेल दिसली आणि त्यांच्या जहाजांच्या ताफ्याचे प्रमुख बुगेनव्हील यांच्यावरून तिला नाव मिळाले. त्याच सफरीत झान बारे ही स्त्री पुरुषवेषात कॉमर्सो यांची साहाय्यक म्हणून काम करीत होती. पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारी पहिली ज्ञात स्त्री म्हणून तिचे नाव इतिहासात नोंदले गेले आहे. बोगनवेलीचे रंगीत भाग पाकळ्या नसून छदे, म्हणजे फुलालगतची रूपांतरित पाने होत. खरी फुले म्हणजे आतील तीन बारीक नळ्या. भारतात या वेलीचे अनेक नवे वाण निर्माण झाले. गव्हाचे थोर पैदासकार आणि 1965 मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झालेले बी. पी. पाल यांना गुलाबाप्रमाणेच बोगनवेलीचाही ध्यास होता. जगातील बोगनवेलीच्या वाणांच्या नावांची अधिकृत नोंदणी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेकडे आहे. 'मेरी पामर' या वाणाच्या एकाच वेलीवर पांढरी व किरमिजी अशी दोन्ही रंगांची छदे येतात.

संक्रांत वेल. हीदेखील मूळची ब्राझीलची. मकरसंक्रांतीच्या सुमारास हिच्यावर नारिंगी नळ्यांसारख्या फुलांचे घोस असे लागतात की पाने दिसेनाशी होतात. म्हणून मराठीत तिला हे समर्पक नाव मिळाले. फाटक, कुंपण व उंच भिंत यांसाठी ती योग्य आहे.

कृष्णकमळ. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या कुळातील फुलात बाहेर तंतूंचे वलय, मध्ये पाच केसरदले आणि वर तीन किंजल्क असतात. ख्रिस्ती धर्मप्रसारकांना त्यात येशूच्या क्रूसारोहणाची चिन्हे दिसली. आपल्याकडे लोकांनी तंतूंत शंभर कौरव, केसरांत पाच पांडव आणि मधोमध श्रीकृष्ण पाहिला. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही सारी रचना काळ्या सुतारी भुंग्यासारख्या मोठ्या कीटकासाठी आहे. तंतूंच्या मुळाशी असलेला मध पिताना त्याच्या पाठीला नेमके केसर लागतात. या वेलीच्या पानांवर काटेरी सुरवंट दिसले, तर ते लगेच मारू नयेत. ते बहुधा नारिंगी रंगाच्या एका देखण्या फुलपाखराचे असतात आणि वाढलेल्या वेलीचे त्यांच्यामुळे फारसे बिघडत नाही.

गोकर्ण व गणेशवेल. ज्यांना एका पावसाळ्यातच फूल हवे, किंवा ज्यांच्यापाशी केवळ कुंडी आहे, त्यांनी या लावाव्यात. गोकर्ण शेंगांच्या कुळातील असल्यामुळे तिच्या मुळांवरील गाठींत नत्र स्थिर होते. तिचे फूल उलटे असते. वाटाण्याच्या फुलात जी मोठी पाकळी वर असते ती येथे खाली असते. गणेशवेलीची पाने बडीशेपेसारखी बारीक चिरलेली आणि फुले लाल चांदणीसारखी असतात.

फूल का येत नाही?

ही तक्रार सर्वाधिक ऐकू येते. तिची मुख्य कारणे तीन. पहिले, अपुरे ऊन. दुसरे, खताचा, विशेषतः नत्राचा अतिरेक. त्यामुळे वेल पानांतच रमते. तिसरे, चुकीच्या वेळी केलेली छाटणी. जाई, जुई, बोगनवेल व मधुमालती यांना नव्या फुटीवर फुले येतात. म्हणून त्यांचा बहर संपल्यावर किंवा विश्रांतीच्या काळात छाटणी केली, तर भरपूर नवी फूट येऊन फुले वाढतात. संक्रांत वेलीची छाटणी बहर संपताच, फेब्रुवारी-मार्चमध्ये करावी. पावसाळ्यानंतर केल्यास कळ्या धरणारे शेंडेच कापले जातात. बोगनवेलीचा आणखी एक स्वभाव ध्यानी ठेवावा. तिला सतत पाणी मिळाले की ती पाने काढते; पाणी काही दिवस आवरले की छदांनी भरून येते. तिची निगा म्हणजे बव्हंशी तिच्याकडे शहाणपणाने केलेले दुर्लक्ष होय.

किडींपैकी पिठ्या ढेकूण व मावा नेहमी दिसतात. आरंभीच लक्षात आल्यास पाण्याचा जोरदार फवारा किंवा सौम्य साबणाचे पाणी पुरते. कळ्या पोखरणाऱ्या अळीसाठी जाई-जुईच्या किडक्या कळ्या वेचून नष्ट कराव्यात. ज्या फुलांवर मधमाश्या येतात आणि जी केसांत माळली जातात, त्यांवर विषारी औषधे मारण्याची घाई करू नये.

दोन सावधगिऱ्या

कळलावी ही आपल्या देशातील अत्यंत सुंदर वेलींपैकी एक. पावसाळ्यात तिच्या पिवळ्या-लाल, वर वळलेल्या पाकळ्या ज्वालेप्रमाणे दिसतात, म्हणून तिला अग्निशिखा असेही म्हणतात. ती तमिळनाडूचे राज्यपुष्प आहे. परंतु तिचे सर्व भाग, आणि विशेषेकरून कंद व बिया, विषारी आहेत. त्यांतील कोल्चिसीन हे द्रव्य पेशींचे विभाजन थांबविते. 1937 मध्ये या गुणाचा उपयोग वनस्पतींतील गुणसूत्रांची संख्या दुप्पट करण्यासाठी होऊ लागला. संधिवाताच्या एका प्रकारावर ते अत्यल्प मात्रेत औषध म्हणूनही देतात. मात्र रताळ्यासारखा समजून हा कंद खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. ज्या घरात लहान मुले किंवा जनावरे आहेत तेथे, तसेच शाळेच्या आवारात ही वेल लावू नये. लावलीच, तर कंदमुळांच्या वाफ्यापासून दूर, नावाची पाटी ठोकून लावावी. कोणी तिचा कंद खाल्ल्याची शंका आली, तर लक्षणांची वाट न पाहता त्या व्यक्तीस तत्काळ रुग्णालयात न्यावे आणि वेलीचा तुकडा सोबत न्यावा. औषधासाठी रानातून तिचे कंद अतोनात खणले गेल्यामुळे ती अनेक ठिकाणी विरळ झाली आहे. तेव्हा रोप बियांपासून केलेलेच घ्यावे. अलमंडाचा चीकही त्रासदायक असतो. तिची छाटणी केल्यावर हात स्वच्छ धुवावेत.

दुसरी सावधगिरी कुंपणापलीकडची आहे. परदेशी वेल बागेत शोभा देते, पण रानात मोकळी सुटली तर तेथील झाडांवर पांघरूण घालते. मेक्सिकोतून आलेली आइस्क्रीम वेल प्रशांत महासागरातील ग्वाम बेटावर अशीच पसरली आहे. यात केवळ परक्यांचाच दोष नाही. आपल्याकडील निळी थनबर्जिया ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये उपद्रवी तण ठरली आहे. म्हणून छाटलेल्या फांद्या व कंद नदीकाठी, ओढ्यात किंवा रानाच्या कडेला टाकू नयेत. त्या वाळवून त्यांचे कंपोस्ट करावे. ज्यांना देशी वेल हवी त्यांच्यासाठी पश्चिम घाटातील मैसूर थनबर्जिया आहे. तिची पिवळी-तांबडी फुले मांडवाखाली लांब माळांसारखी लोंबतात आणि त्यांवर शिंजीर येतात.

विद्यार्थ्यांसाठी काही निरीक्षणे

शाळेच्या व्हरांड्यातील एखादी वेलही प्रयोगशाळेचे काम करू शकते. घेवड्याची किंवा गोकर्णाची कुंडी टेबलावर ठेवून तिच्याभोवती कागदावर घड्याळाच्या तबकडीप्रमाणे खुणा कराव्यात आणि दर पंधरा मिनिटांनी शेंडा कोणत्या खुणेकडे आहे ते लिहावे. एक फेरा पुरा होण्यास किती वेळ लागला? थंडीच्या व उन्हाच्या दिवशी त्यात काय फरक पडला? कृष्णकमळाचे किंवा दोडक्याचे पूर्ण वळलेले प्रतान घेऊन त्यातील दोन्ही दिशांची वळणे मोजावीत. मधुमालतीच्या दहा कळ्यांना दोरे बांधून रोज सकाळ-संध्याकाळ त्यांचा रंग व त्यांवर आलेले पाहुणे नोंदवावेत.

गोकर्णाच्या निळ्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवून त्या पाण्यात पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या बुडवाव्यात व सावलीत वाळवाव्यात. लिंबाच्या रसाचा थेंब टाकताच पट्टी जांभळट गुलाबी होते. खाण्याच्या सोड्याच्या किंवा चुन्याच्या निवळीच्या थेंबाने ती हिरवट होते. आम्ल व अल्कली ओळखण्याचे हे साधन परसात वाढते आणि त्याला दमडीही पडत नाही.

अशा नोंदी वर्षभर ठेवल्या, तर वर्षाअखेरीस त्या शाळेपाशी स्वतःच्या गावच्या हवेत कोणती वेल केव्हा फुलते, तिच्यावर कोण येते व तिला कधी छाटावे, याची माहिती जमा झालेली असेल. ती वही ग्रंथालयात ठेवावी. पुढच्या वर्षीच्या मुलांना आणि गावातील हौशी बागवानांना तिचा उपयोग होईल.